क्रिप्टो व्हॉल्यूमचा रेडीमेड प्रोजेक्ट: कोड घ्या, डेटा मात्र बदला

पुण्यातल्या कुठल्याही प्रोजेक्ट सेंटरमध्ये बी.ई.च्या शेवटच्या वर्षाची मुलं शिरली की त्यांच्या हातात विषयांची छापील यादी येते. त्यात एक विषय हमखास असतो: ‘एलएसटीएम वापरून क्रिप्टोकरन्सीच्या ट्रेडिंग व्हॉल्यूमचा अंदाज’. एलएसटीएम म्हणजे क्रमानं येणाऱ्या आकड्यांवरून पुढचा आकडा ओळखायला शिकणारं न्यूरल नेटवर्क, आणि ट्रेडिंग व्हॉल्यूम म्हणजे ठरावीक वेळात किती नाण्यांची खरेदी-विक्री झाली तो आकडा. सदाशिव पेठेतल्या एका सेंटरमध्ये मिळणारं हे पॅकेज आम्ही फाइल न् फाइल उघडून तपासलं. सेंटरचं नाव देत नाही. हाच कोड, त्यातल्या कॉमेंट्समधल्या स्पेलिंगच्या चुकांसकट, दुसऱ्या सेंटर्समध्येही वेगळ्या नावानं विकला जातो. त्यामुळे हा रिव्ह्यू दुकानाचा नसून पॅकेजचा आहे.

किंमत साडेसात हजार रुपये. त्यात पायथन कोड, डेटाची एक सीएसव्ही (तक्त्याची साधी फाइल), आधीच ट्रेन केलेलं मॉडेल, ब्लॅक बुकची (म्हणजे प्रोजेक्टच्या छापील अहवालाची) वर्ड फाइल, पीपीटी आणि एनीडेस्कवरून इन्स्टॉलेशन मिळतं. एक्स्टर्नलच्या (बाहेरच्या परीक्षकासमोरच्या परीक्षेच्या) आदल्या दिवशी काही अडलं तर फोन उचलतात, ही खरंच मोलाची गोष्ट आहे.

इन्स्टॉलेशनमध्ये दोन ठिकाणी गाडी अडते. पॅकेजसोबतच्या यादीत टेन्सरफ्लो (न्यूरल नेटवर्क बनवायची पायथन लायब्ररी) २.१० लिहिलंय. हे व्हर्जन पायथन ३.७ ते ३.१० वरच बसतं. लॅपटॉपवर ३.१२ असेल तर ‘असं व्हर्जन सापडत नाही’ अशा अर्थाचा लाल एरर येतो आणि मुलांना वाटतं इंटरनेट गेलं. पायथन ३.१० चं वेगळं एन्व्हायर्नमेंट करा, काम होतं. यादीतला आकडा काढून टाकून नवं टेन्सरफ्लो घातलं तर दुसरी अडचण उभी राहते. २.१६ पासून त्यासोबत केरास ३ (नेटवर्क रचायच्या भागाची नवी आवृत्ती) येतं आणि ट्रेन केलेलं मॉडेल साठवलेली जुनी एच५ फाइल लोड करताना ‘एमएसई’ नावाचं फंक्शन सापडत नाही म्हणून कोड थांबतो. लोड करताना ‘कंपाइल’ला ‘फॉल्स’ द्यायचं, एवढाच उपाय. आणि गेमिंग लॅपटॉपवाल्यांसाठी: विंडोजवर थेट जीपीयू वापरणारं शेवटचं टेन्सरफ्लो २.१०च होतं. त्यानंतरचं घातलं तर महागडं ग्राफिक कार्ड नुसतं बसून राहील. त्यापेक्षा गूगल कोलॅबवर मोफत मिळणारं टी४ ग्राफिक कार्ड घ्या. ते प्रत्येक वेळी मिळेलच असं नाही आणि सेशन तुटलं की फाइल्स पुसल्या जातात, म्हणून मॉडेल प्रत्येक एपॉकनंतर (डेटावरच्या एका पूर्ण फेरीनंतर) ड्राइव्हवर सेव्ह होईल असं बघा.

कोड एकदा चालला की शेवटी ग्राफ येतो. निळी रेघ खरी, केशरी रेघ अंदाजाची, दोन्ही एकमेकींवर बसलेल्या, आणि खाली ‘अचूकता ९७ टक्के’. पीपीटीच्या पहिल्या स्लाइडवरही हाच आकडा आहे. बहुतेक मुलं इथेच खूश होऊन पैसे देतात.

आता सीएसव्ही उघडा. एका वर्षाच्या ८,७६० ओळी, दर तासाला एक. व्हॉल्यूमच्या कॉलमचा नुसता एक्सेलमध्ये ग्राफ काढा. खऱ्या तासाच्या व्हॉल्यूमचा ग्राफ करवतीच्या दात्यांसारखा असतो. एक तास शांत, पुढच्या तासात दुप्पट, मग पुन्हा खाली. या फाइलमधली रेघ मात्र चढ-उताराच्या गुळगुळीत रस्त्यासारखी आहे. मोठी बातमी आली त्या तासाला ती एकदम वर जाते, मग ओट्यासारखी सपाट राहते आणि बरोबर २४ ओळींनंतर तेवढीच खाली येते. हा ओटा दिसला की समजायचं, हा तासाचा व्हॉल्यूम नाही. एक्स्चेंजच्या (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजाराच्या) भावपट्टीवर, म्हणजे टिकरवर, दिसणारी ‘गेल्या २४ तासांची’ बेरीज कुणीतरी दर तासाला नोंदवून ठेवली आहे.

यानं काय बिघडतं ते कागदावर मांडून बघा. समजा २४ तासांची बेरीज २४,००० नाणी आहे, म्हणजे तासाला सरासरी १,००० नाणी. पुढच्या तासात बेरजेतून जुना एक तास बाहेर पडतो आणि नवा एक आत येतो. बाहेर गेला ८०० चा, आत आला १,४०० चा. बेरीज झाली २४,६००, म्हणजे अडीच टक्क्यांची वाढ. कुठलंही मॉडेल न लावता ‘आत्ता आहे तेवढंच राहील’ म्हटलं असतं तरी अचूकता साडेसत्याण्णव टक्क्यांच्या आसपास आली असती. लागोपाठच्या दोन ओळींमध्ये २३ तास सारखेच आहेत, मग चूक होणार कुठून? तोच अंदाज खऱ्या तासाच्या व्हॉल्यूमचा असता, म्हणजे १,४०० च्या जागी ८०० म्हटलं असतं, तर चूक ४३ टक्क्यांची धरली गेली असती. ९७ चा आकडा न्यूरल नेटवर्कच्या कर्तबगारीचा नाहीच, तो बेरजेचा आहे. आणि ही फाइल दुरुस्तही करता येत नाही. दोन ओळींच्या फरकातून ‘आत आलेला तास वजा बाहेर गेलेला तास’ एवढंच निघतं. सुरुवातीचे २४ तास सुटे माहीत असल्याशिवाय मूळ आकडे सोडवता येत नाहीत. फाइल टाकून द्यायची.

बदली डेटा फुकट आहे. बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजच्या सार्वजनिक डेटाच्या साइटवर स्पॉट (प्रत्यक्ष नाण्यांचे व्यवहार), मग मंथली, मग केलाइन्स (ठरावीक वेळेचे भाव आणि व्हॉल्यूम एका ओळीत), मग बीटीसी-यूएसडीटी (बिटकॉइन आणि डॉलरला बांधलेलं यूएसडीटी नाणं यांची जोडी), मग १ तास, असं आत गेलं की महिनावार झिप फाइल्स मिळतात. १७ ऑगस्ट २०१७ पासून २०२४ अखेरपर्यंत सुमारे ६४,६०० ओळी होतात. प्रत्येक झिपसोबत चेकसमची (फाइल जशीच्या तशी उतरली का ते पडताळायच्या आकड्याची) फाइल असते, ती ताडून घ्या. ओळीत १२ कॉलम असतात: सहावा नाण्यांमधला व्हॉल्यूम, आठवा यूएसडीटीमधली उलाढाल, नववा व्यवहारांची संख्या, दहावा टेकर-खरेदीचा (बाजारात आधीच लागलेली ऑर्डर लगेच उचलणाऱ्यांच्या खरेदीचा) व्हॉल्यूम. अंदाज सहाव्याचा करा. आठव्यात किंमत मिसळलेली असते, त्यामुळे भाव वाढला की व्हॉल्यूम न वाढताही आकडा फुगतो.

या फाइल्समध्ये तीन खड्डे आहेत, तिन्ही नीट बघून ओलांडायचे.

स्पॉटच्या फाइलला कॉलमच्या नावांची पहिली ओळ नसते. पॅन्डाजला (तक्ते वाचणाऱ्या पायथन लायब्ररीला) ते सांगितलं नाही तर ते महिन्याचा पहिला तासच नावं म्हणून गिळतं. वर्षाला १२ ओळी गायब होतात आणि एररही येत नाही. दुसरा खड्डा वेळेचा. २०२४ अखेरपर्यंत वेळ मिलिसेकंदांत, १३ आकडी आहे. १ जानेवारी २०२५ पासून स्पॉटच्या फाइल्समध्ये ती मायक्रोसेकंदांत, १६ आकडी झाली. दोन्ही एकाच पद्धतीनं वाचलं तर तारीख हजारो वर्षं पुढे जाते आणि पॅन्डाज हात वर करतं. आकडे मोजून युनिट ठरवा. तिसरा खड्डा सगळ्यात फसवा आहे: एक्स्चेंज बंद पडलं तेव्हाचे तास. फेब्रुवारी २०१८ मध्ये बायनान्स एका दिवसाहून जास्त काळ बंद होतं. २४ मार्च २०२३ ला स्पॉट ट्रेडिंग सुमारे दोन तास थांबलं होतं. अशा वेळच्या पूर्ण तासांच्या ओळी फाइलमध्ये नसतात. पॅकेजचा कोड ‘२४ ओळी मागे’ म्हणजे ‘काल याच वेळी’ असं धरतो. मध्ये ओळी नसतील तर तो भलत्याच वेळेकडे बघतो. म्हणून आधी तासांचा सलग इंडेक्स लावा, रिकाम्या जागा मोजा आणि ज्या विंडोत (मॉडेलला एका वेळी दाखवायच्या मागच्या तासांच्या पट्टीत) रिकामी जागा येते ती विंडो ट्रेनिंगमधून काढा. तिथे शून्य भरू नका. नंतर लॉग (लॉगरिदम) घेताना शून्याचा लॉग उणे अनंत होतो आणि लॉस, म्हणजे मॉडेलच्या चुकीचा आकडा, ‘नॅन’ (आकडाच नाही) दाखवत बसतो.

पुण्याच्या घड्याळाचाही एक मुद्दा आहे, तो पॅकेजनं पूर्ण चुकवलाय. डेटा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत, आहे, आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे एक्स्चेंजचा प्रत्येक तास आपल्याकडे अर्ध्यावर सुरू होतो: साडेपाच, साडेसहा, साडेसात. रोजची कॅण्डल, म्हणजे दिवसभराच्या व्यवहारांची नोंद, पहाटे साडेपाचला बंद होते. पॅकेजमधल्या कोडनं तारखा भारतीय वेळेत बदलून ‘तास’ हा कॉलम पूर्णांकात कापलाय आणि ब्लॅक बुकमधल्या चार्टवर ‘सकाळी ५ चा व्हॉल्यूम’ असं लिहिलंय. तो असतो साडेपाच ते साडेसहाचा. मॉडेलसाठी यूटीसीच ठेवा, भारतीय वेळ फक्त चार्टवर दाखवा. अमेरिकन शेअर बाजार आपल्या संध्याकाळी ७ वाजता उघडतो, तिकडच्या हिवाळ्यात ८ वाजता. हा बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतो. त्या आठवड्यांत संध्याकाळच्या तासांचा अंदाज हुकला तर कोडमध्ये बग शोधत रात्र घालवू नका. न्यूयॉर्कचा बाजार उघडा आहे की बंद, असा ० किंवा १ चा एक कॉलम घातला की मॉडेलला ते कळतं.

मॉडेलबद्दल थोडक्यात. पॅकेजमध्ये ५० युनिट्सचे तीन एलएसटीएम थर, प्रत्येकानंतर ०.२ ड्रॉपआउट (शिकताना थराचे काही आकडे मुद्दाम गाळणं), ६० तासांची विंडो आणि इनपुटला एकच कॉलम आहे. शेअरच्या किमतीच्या अंदाजासाठी जागोजागी मिळणारा हा सांगाडा आहे, त्यातला किमतीचा कॉलम काढून व्हॉल्यूमचा घातलाय. हिशेब करा: १०,४०० अधिक २०,२०० अधिक २०,२०० अधिक ५१, म्हणजे ५०,८५१ वजनं, मॉडेलला शिकायचे आकडे. शिकायला ओळी किती? ८० टक्क्यांच्या, म्हणजे ७,००८. शिवाय ६० तासांच्या विंडोला आठवडा दिसतच नाही, आणि व्हॉल्यूमला शनिवार-रविवारची सवय असते.

आम्ही सुचवू ती रचना अशी: विंडो १६८ तासांची. कॉलम ८: व्हॉल्यूमचा लॉग, व्यवहारसंख्येचा लॉग, टेकर-खरेदीचा वाटा, तासातल्या उच्च-नीच भावाच्या गुणोत्तराचा लॉग, तासाचा साइन आणि कोसाइन, वाराचा साइन आणि कोसाइन. एकच एलएसटीएम थर, ३२ युनिट्स, पुढे एक साधा डेन्स थर. एकूण वजनं ५,२८१. (बाजाराचा कॉलम घातला तर नऊ कॉलम होतात आणि वजनं १२८ नं वाढतात.) ट्रेनिंगच्या सेटिंग्ज: ॲडम ०.००१, बॅच २५६, लॉस ह्यूबर, पाच एपॉक सुधारणा नाही झाली की थांबायचं. ‘रिकरंट ड्रॉपआउट’ शून्यच ठेवा. तो वाढवला की केरास जीपीयूचा वेगवान मार्ग सोडतं आणि ट्रेनिंग रांगायला लागतं. मेमरीची काळजी नको: ६४,६०० × १६८ × ८ आकडे फ्लोट३२ मध्ये सुमारे ३४७ एमबी होतात. उत्साहात मिनिटाच्या डेटावर गेलात तर तेच साठपट, वीस जीबीच्या वर जातं आणि कोलॅब मध्येच मान टाकतं. तेव्हा विंडोज एकदम तयार करून न ठेवता जनरेटरनं बॅचबॅच पुरवाव्या लागतात.

गळती, म्हणजे तपासणीच्या डेटाची माहिती मॉडेलला शिकतानाच कळणं, मात्र सविस्तर बघायला हवी, कारण व्हायवात (तोंडी परीक्षेत) पकडतात ती तिथेच. पॅकेजमध्ये मिनमॅक्स स्केलर (सगळे आकडे ० ते १ मध्ये बसवणारा) संपूर्ण फाइलवर फिट केलाय आणि त्यानंतर ट्रेन-टेस्टची (शिकायच्या आणि तपासायच्या डेटाची) विभागणी आहे. म्हणजे टेस्टमधला सगळ्यात मोठा आकडा मॉडेलला आधीच सांगून झाला. वर विभागणीत ‘शफल’, म्हणजे ओळी पिसणं, चालू आहे. त्यामुळे मंगळवारी दुपारचे ३ टेस्टमध्ये असतील तर २ आणि ४ ट्रेनमध्ये असतात, आणि मॉडेलला भविष्य दोन्ही बाजूंनी दिसतं. विभागणी तारखेनंच करायची: जुना काळ शिकायला, मधला जुळवायला, शेवटचा तपासायला. ट्रेन आणि टेस्टच्या मध्ये विंडोएवढी, म्हणजे १६८ तासांची फट सोडली तर आणखी चांगलं. अजून एक बारीक चूक: ज्या तासाचा व्हॉल्यूम ओळखायचाय त्याच तासाची व्यवहारसंख्या इनपुटला देणं. ती तास संपल्यावरच कळते. लाइव्ह डेमो करणार असाल तर एपीआयनं (एक्स्चेंजकडून थेट डेटा घ्यायच्या सोयीनं) दिलेली शेवटची कॅण्डल अर्धवट असते, ती कापून टाका. नाहीतर तास सुरू होऊन पाच मिनिटं झाली असताना मॉडेल ‘व्हॉल्यूम कोसळला’ असं समजतं.

मिनमॅक्सचा आणखी एक त्रास असतो. व्हॉल्यूममध्ये एखादा तास इतका उंच असतो की बाकी सगळे तास ० ते ०.१ च्या कोपऱ्यात चेंगरतात. लॉग घेतला की ते मोकळे होतात. पण लॉगमधून परत येताना एक पायरी विसरू नका. लॉगचा सरासरी अंदाज उलटा फिरवला की हातात मध्यक येतो, सरासरी नाही. लॉगमधल्या चुकांचं प्रमाण विचलन ०.५ असेल तर सरासरीसाठी त्याला सुमारे १.१३ नं गुणावं लागतं. हे न केल्यानं अंदाज सतत कमी येतो आणि मुलं उगाच थर वाढवत बसतात.

आता तुलना. पॅकेजमध्ये तुलनेला काहीच नाही. ब्लॅक बुकमध्ये आमच्या मते हे सर्वांत मोठं भगदाड आहे. चार साधे अंदाज एक्सेलमध्येही निघतात: गेल्या तासाएवढा, काल याच तासाएवढा, गेल्या आठवड्यात याच वारी याच तासाएवढा, आणि चौथा एक सरळ रिग्रेशनचा (सरळ रेषेच्या साध्या समीकरणाचा), ज्यात गेला तास, २४ तासांची सरासरी, १६८ तासांची सरासरी आणि कालचा हाच तास घ्यायचा, सगळं लॉगमध्ये. हे चौथं सोपं दिसतं, पण त्याला हरवायला घाम फुटतो. एलएसटीएमनं त्याच्यापेक्षा थोडी जरी सरस कामगिरी पाच वेगवेगळ्या सीड्सवर (यादृच्छिक सुरुवातींवर) टिकवली, तर प्रोजेक्टनं काहीतरी दाखवलं. नाही टिकवली तर तसं लिहा. तेही निष्कर्षात बसतं. सोबत लाइटजीबीएम (निर्णयवृक्षांवर चालणारं मॉडेल) चालवून बघा, अशा आकड्यांच्या तक्त्यावर ते बऱ्याचदा नेटवर्कच्या पुढे जातं. आणि ‘अचूकता’ हा शब्द काढून लॉगमधली सरासरी निरपेक्ष चूक लिहा. टक्क्यातली चूक शांत तासांत भाजकच लहान झाल्यानं उगाच भडकते.

कुठला काळ घेताय यावरही बरंच ठरतं. ८ जुलै २०२२ ला बायनान्सनं बिटकॉइनच्या जोड्यांवरची फी शून्य केली आणि २२ मार्च २०२३ ला बीटीसी-यूएसडीटीवर ती परत आणली. मधल्या काळात या जोडीचा व्हॉल्यूम फुगलेला आहे, नंतर तो कड्यावरून पडतो. हा मधला काळ शिकायला आणि पुढचा तपासायला घेतला तर कुठलंही मॉडेल सतत जास्तच सांगणार. उपाय असा, की मूळ लॉग न देता तो गेल्या २८ दिवसांच्या सरासरीपासून किती वर-खाली आहे ते द्या. सरासरी फक्त मागच्याच दिवसांची घ्या.

रुपयातली जोडी घेऊन ‘भारतीय संदर्भ’ द्यायचा मोह गाइडनाही होतो. जपून. १ जुलै २०२२ पासून क्रिप्टोच्या विक्रीवर १ टक्का टीडीएस लागू झाला आणि देशी एक्स्चेंजेसचा व्हॉल्यूम एकदम आटला. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या देशी एक्स्चेंजवर मोठी चोरी झाल्यावर तिथले व्यवहारच थांबले. असे तुटलेले तुकडे जोडून नेटवर्क शिकवता येत नाही. त्याऐवजी टीडीएसच्या आधी आणि नंतर अशी तुलना केली तर विषय चांगला आहे, फक्त तो अंदाजाचा प्रोजेक्ट राहत नाही. जगभरच्या एक्स्चेंजेसची एकत्र बेरीज दाखवणारा आकडाही घेऊ नका. स्वतःशीच खरेदी-विक्री करून व्हॉल्यूम फुगवणं या धंद्यात जुनं आहे. २०१९ मध्ये बिटवाइज या क्रिप्टो गुंतवणूक कंपनीनं अमेरिकेच्या नियामकाला दिलेल्या अहवालात, जाहीर होणाऱ्या बिटकॉइन व्हॉल्यूमपैकी ९५ टक्के बनावट असल्याचा दावा होता. यंत्रानं फुगवलेला व्हॉल्यूम नियमित असतो, म्हणून त्याचा अंदाज करणं सोपं जातं आणि मॉडेल खोटंच हुशार ठरतं.

पीपीटीच्या शेवटच्या स्लाइडवर ‘या मॉडेलमुळे ट्रेडिंगमध्ये नफा’ असं वाक्य आहे. ते खोडाच. व्हॉल्यूमचा अंदाज भावाची दिशा सांगत नाही. मोठी ऑर्डर दिवसभरात कुठल्या तासाला किती तुकड्यांत टाकावी, सर्व्हरची क्षमता कधी वाढवावी, अशा कामांना तो उपयोगी आहे. २०१८ मध्ये गेनबिटकॉइन या बिटकॉइन गुंतवणूक योजनेतल्या फसवणुकीचं प्रकरण याच शहरात पोलिसांकडे गेलं, त्यात सामान्य माणसांनी घामाचे पैसे घालवले. त्या शहरातल्या मुलांच्या सबमिशनमध्ये असं वाक्य असू नये असं आम्हाला मनापासून वाटतं.

गुण द्यायचे तर इन्स्टॉलेशन आणि फोनवरची मदत ५ पैकी ४, कोडचा सांगाडा अडीच, ब्लॅक बुक २ (एलएसटीएमच्या गेट्सचं स्पष्टीकरण मात्र स्वच्छ आहे), डेटा ० गुण. ज्यांना पायथन येतं त्यांनी साडेसात हजार खर्चू नयेत, वरचं सगळं दोन-तीन आठवड्यांत हातानं होतं. ज्यांना बाइंडिंगची तारीख गाठायचीच आहे त्यांनी घ्यावं, पण डेटा बदलायच्या अटीवर. तसं सांगितलं तर सेंटरवाले जास्त पैसे न घेता नव्या सीएसव्हीवर कोड चालवून देतात, दोन दिवस लागतात. पैसे देण्याआधी काउंटरवरच त्यांच्या कॉम्प्युटरवर फाइल उघडायला सांगा, व्हॉल्यूमच्या कॉलमचा ग्राफ काढा आणि सपाट ओटा दिसतोय का ते बघा. २४ ओळी मोजायला पाच मिनिटं पुरतात.